साळवे काकांची रविवारची गाडी

माझ्या नावापुढे बी.ए., बी.एड. लागले ते बाबुराव साळवे यांच्यामुळे. त्याआधी आमच्या घराण्यात कुणाच्याही नावापुढे काही लागले नव्हते. साळवे काका सोयगावच्या एसटीवर कंडक्टर होते. स्टँडवर वडिलांशी बोलता बोलता त्यांनी माझा निकाल लावला. "हॉस्टेल नाय मिळालं म्हणून पोरगं शेतात घालता व्हय? शहरात, बेगमपुऱ्यात माझ्याकडं राहील."

राहिलो. भाडे नव्हते. पुढे काका निवृत्त झाले आणि एक अट आली. रविवारी सकाळी गल्लीतल्या लहान मुलांबरोबर लेण्यांच्या डोंगरावर जायचे आणि डोळे मिटून बसायचे.

ध्यान काका विहारातल्या शिबिरात शिकले होते. पण शिकवायला उभे राहिले की ते पुन्हा गाडीत उभे राहत. लेण्यांच्या वाटेवर एक कडुलिंब आहे. त्याच्या सावलीत त्यांनी दगड दोन रांगांत मांडले होते, मध्ये कंडक्टरला जायला वाट. मुले खिडकीसाठी भांडत. खिडकी म्हणजे ज्या दगडावरून खालचा मकबरा दिसतो तो. पहिला दगड रिकामा. "आमदारांसाठी राखीव. येत नाईत ते कधी, पर नेम तो नेम."

मग स्टीलच्या डब्यावर चमच्याचा एक टोला.

"एक बेल म्हंजी काय?"

"थांबा," मुले एका सुरात.

"मग मनाला सांगा. आणि श्वासाचं ध्यानात ठेवा. आधी जुना उतरू द्या, मग नवा चढंल. ढकलाढकली नाय."

एकदा एक मुलगा कळवळून म्हणाला, "आजोबा, मला सारखी भजीच आठवायलीत."

"आठवू दे. विनातिकीट चढली ती. हुज्जत घालू नको, पुढच्या स्टॉपला उतरतील."

"नाय उतरली तर?"

"तर घरी गेल्यावर आईला सांग."

कुणाच्या पायावर मुंगळा चढला तर तो झटकायचा नाही, कुठे चाललाय ते बघायचे. वारा आला तर आधी कुठल्या पानाला कळले ते ओळखायचे. मी कॉलेजात मानसशास्त्र घेतले होते. एकदा मोठ्या उत्साहाने सांगितले, "काका, याला माइंडफुलनेस म्हणतात. शहरात याचे वर्ग चालतात."

"चालू दे. आपली गाडी वेळेवर सुटली म्हंजी झालं."

वेळेचे एवढे का, ते मला उशिरा कळले. काकांच्या मुलाचा काडीमोड झाला होता. चूक मुलाची होती, हे काका स्वतःच सांगत. मुलगा पुण्याला निघून गेला. सून वंदनावहिनी लेक यशूला घेऊन पडेगावला माहेरी राहिल्या. काकांच्या घराची पायरी चढणार नाही, हे त्यांनी निक्षून सांगितले होते. मुलांचा काही वर्ग असेल तर यशूला आणून सोडीन, एवढेच कबूल केले. म्हणून काकांनी वर्ग काढला. बाकीची मुले त्यांना आजोबा म्हणत. सख्खी नात यशू मात्र 'सर' म्हणे, कारण आईने तिला वर्ग आहे म्हणून सांगितले होते. वहिनी येतील त्या वेळी वर्ग नाही तर यशू नाही, असा तो हिशेब.

आणि एका रविवारी आख्खी गल्ली लग्नाला पैठणला गेली. मुलांसकट. आम्ही डोंगरावर पोहोचलो तर सगळे दगड रिकामे. खाली वळणावर वंदनावहिनींची स्कूटी दिसत होती.

काकांनी खाली एकदा बघितले. मग ते बाह्या सरसावून वाटेवर आले आणि दिसेल त्याला गाडीत भरू लागले. पोलीस भरतीसाठी धावणारी दोन पोरं पकडली. बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई फिरायला आल्या होत्या, त्यांना खिडकी दिली. चहावाल्या रफीकभाईला हाताला धरून आणले.

"चाचा, दूध चढाके आया मैं. उफनेगा ना."

"उफनू दे. बघायचं, बोलायचं नाय."

वहिनी वर आल्या तेव्हा हा सगळा बालवर्ग मांडी घालून बसला होता.

"मुलं कुठंयत?" त्यांनी विचारले.

"हीच की," काका म्हणाले. "वाढलीत जरा."

यशू मधल्या दगडावर बसली. टोला पडला. घाईत बेल एकाऐवजी तीनदा वाजली. "श्वास बघा," ते म्हणाले.

भरतीवाला धापा टाकत म्हणाला, "श्वासच दिसायलाय काका, दुसरं काय दिसंना."

यशू फिसकन हसली. मग बँकवाल्या बाई हसल्या. मग हळूहळू सगळे खरेच गप्प झाले. लिंबावर कुठलासा पक्षी बोलत होता. खाली रफीकभाईचे दूध उतू गेल्याचा वास आला आणि तो भला माणूस जागचा हलला नाही.

एरवी लेकीला सोडून लगेच जाणाऱ्या वहिनी त्या दिवशी थांबल्या. निघताना स्कूटीला किल्ली लावत म्हणाल्या, "पुढच्या रविवारी कुणाचं लग्न नाय ना?"

"नाय," काका घाईने म्हणाले.

"असलं तरी आणते."

मी आता सोयगाव तालुक्यातल्या एका शाळेत शिकवतो. गेल्या आठवड्यात काकांचा फोन आला. वहिनी हल्ली यशूला थेट बेगमपुऱ्यात आणून सोडतात. ती जेवते, खाटेवर झोपते, संध्याकाळी जाते. "मग आता डोंगर कशाला चढायचा? गाडी बंद करावी म्हणतो. तुला काय वाटतं?"

पत्राने कळवतो, म्हणालो. आणि हे पत्र पाठवले.

*आदरणीय काका,*

*सप्रेम जयभीम. यशू घरी येते हे ऐकून आईने शेजाऱ्यांना साखर वाटली. शेजाऱ्यांना कारण कळलं नाही, पण खाल्ली.*

*गाडीचं विचारलंत. ती यशूसाठी सुरू झाली हे गल्लीतल्या पोरांना माहीत नाही. त्यांना वाटतं, ती आपल्यासाठीच सुटते. कितीतरी दिवस मलाही तसंच वाटत होतं, आणि त्या वाटण्यावर मी पदवीपर्यंत पोहोचलो.*

*रविवारी यशूला घेऊन डोंगरावर जा.*

*आपला,*
*प्रकाश*