मोहाखालची लुगडी

बाईच्या अंगावरचं लुगडं निरखून "काकू, हे केव्हा फाटन?" असं विचारणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. आमच्या शेजारचा मनोहर. शेंदूरजनाघाटच्या बाजारात एखादी नवखी बाई असली तर ती चप्पल काढायची. मग कोणीतरी समजावायचं, "अव माय, तसा नाई तो. दारू करते." त्यावर ती दुसरीही काढायची.

मनोहर दारू करतो हे खरं, पण परवान्याची. डोंगराच्या पायथ्याशी त्याची भट्टी आहे. मोहाची फुलं आणि व्यापाऱ्यांनी टाकून दिलेली बारीक संत्री, एवढ्यावर ती चालते. रासायनिक खताच्या झाडाला तो हात लावत नाही. उरलेला चोथा गांडुळांना, भट्टीचं पाणी बागेला. माल दूर शहरात जातो. आपल्या गावात तो थेंब विकत नाही. स्वतःही पीत नाही. विचारलं तर म्हणतो, "मी आचारी हावो, पंगतीतला नाई." कोणी पिऊन कामावर आला तर त्याला लिंबूपाणी पाजतो आणि बायकोच्या हवाली करतो. त्याची मजुरीही तिच्याच हातात.

मी तिथं फुलं निवडायला जाते. घरी बसून सुनेच्या चुका काढण्यापेक्षा ते बरं.

मोहाचं फूल पहाटे गळतं. खाली पाचोळा असला तर सापडत नाही, म्हणून आमच्याकडे आधी पाचोळा पेटवून जमीन साफ करायची रीत. त्यात मोहाची लहान रोपंही जळतात. मनोहरला ते खपत नाही. प्लास्टिकची जाळीही नको. "त्याच्यावर फूल घामेजते," म्हणतो. मग काय, जुनी सुती लुगडी! ती झाडाखाली अंथरायची आणि फुलं वरच्यावर झेलायची. पण लुगडं फुकट द्यायलाही त्याची मर्जी लागते. रिठ्यानं धुतलेलं पाहिजे. हातात घेऊन हुंगतो. माझं एक धडधाकट लुगडं त्यानं परत केलं.

"काकू, याले तुमच्या बामाचा वास येऊन राहिला."

"मंग गुडघे तू चेपून दे, म्हंजे बाम लावत नाई."

कशातही त्याचा एकच प्रश्न: "झाडाले विचारलं का?" मी सुट्टी मागितली तरी तेच. "विचारलं," मी म्हणते. "ते म्हनते, जाय."

पण फुलांच्या दिवसांत पहाटे तिथं उभं राहिलं की माझीही जीभ चालत नाही. अंधार विरत असतो. हवेला गोड, जड वास. झाडाझाडाखाली निळी, हिरवी, तांबडी लुगडी. गावातल्या साऱ्या बाया कामं टाकून तिथं झोपल्या आहेत असं वाटतं. आणि त्यांच्या अंगावर टप, टप फुलं.

यंदा डोंगराच्या वरच्या अंगाची झाडं नव्यानं वेचायला मिळाली आणि लुगडी कमी पडली. फूल तर थांबत नाही. जेवढं वेचू तेवढीच आमची कमाई. आमच्यातल्या रुखमानं सगळ्या बायांच्या वतीनं तोंड उघडलं.

"भाऊ, एक काडी ओढा. सगळं साफ."

"काडी ओढली त भट्टीले कुलूप लावीन."

"मंग आमी काय खावं? फुलं पाचोळ्यात सडून राहिले. साऱ्या गावाचे लुगडे नेले तुमी. तुमच्या घरची पेटी काहून बंद हाये?"

त्या पेटीत सुमनची, त्याच्या बायकोची, लुगडी होती. ती जाऊन बरीच वर्षं झाली. दर उन्हाळ्यात तो ती लुगडी अंगणात वाळत घालायचा आणि कडुलिंबाचा पाला घालून पुन्हा ठेवायचा. कोणाला हात लावू देत नसे. मनोहर निघून गेला.

"बरोबर बोलली तू," मी रुखमाला म्हटलं. "आता उद्या काम राहते का नाई ते पाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे वर गेलो तर नव्या झाडांखाली सुमन पसरली होती. तिचं जांभळं, तिचं मोरपंखी, सणाचं पिवळं. मनोहर त्या पिवळ्याजवळ उकिडवा बसला होता. पदर त्यानं बुंध्याशी नीट उलगडला होता आणि तो गळलेल्या फुलांनी भरला होता.

सुमनला मूलबाळ झालं नाही. डोहाळजेवणं गावात पुष्कळ झाली. तिची ओटी कोणी भरली नाही. ती दारामागून गाणी ऐकायची.

"काकू, पाहा," मनोहर हळूच म्हणाला. "झाडानं ओटी भरली हिची."

रुखमा टोपली घेऊन पुढं झाली होती. मी तिचा हात धरला. "राहू दे ते."

"काहून राहू दे?" मनोहर उठला. "येचा ना! रिकामं बसनं तिले कधी जमलं नाई."

आम्ही वेचायला बसलो. पदरापाशी आलो तसा तो पुन्हा वाकला.

"एक मूठ तेवढी असू द्या. रिकाम्या पदरानं घरी नाई न्यायचं तिले."