घराला टायर नसतात

माझे साडू सतीशराव वाद घालता घालता मध्येच थांबतात, घड्याळ बघतात, "पाउझं" असं म्हणतात आणि आमच्याच सोफ्यावर आडवे होतात. पाउझं म्हणजे विश्रांती. ट्रक चालवणाऱ्याने साडेचार तासांनी पाऊण तास थांबायलाच हवं, असा इकडे जर्मनीत कायदा आहे. वाद घालणाऱ्याला तो लागू नाही, पण सतीशरावांच्या अंगात तो भिनलाय. पाऊण तासाने ते उठतात, चहा मागतात आणि जिथे सोडलं होतं त्याच वाक्यापासून वाद पुढे सुरू करतात. फक्त दुसऱ्या बाजूने.

हे माझ्या बरेच दिवस लक्षातच आलं नाही. पाउझंच्या आधी ते म्हणत, माणसाला घर हवं. मी मान डोलवत असे. पाउझंनंतर म्हणत, घर म्हणजे शुद्ध खुळेपणा. मी तरीही मान डोलवत असे. शेवटी एकदा मेधाने, म्हणजे माझ्या बायकोने, स्वयंपाकघरातून विचारलं, "तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?" मला सांगता येईना. अजूनही नीटसं येत नाही.

सतीशराव मेधाच्या थोरल्या बहिणीचे, शुभाताईंचे यजमान. आम्ही दोन्ही घरं पुण्याची, आणि झिंडेलफिंगेनमध्ये दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहतो. मी सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. सतीशराव मात्र मोटारींच्या कारखान्यात ब्रेक तपासणारे मोठे इंजिनिअर होते. पन्नाशी उलटली, मुलगी नोकरीला म्युनिकला गेली, आणि एके दिवशी त्यांनी जाहीर केलं की ते राजीनामा देऊन मोठ्या ट्रकचं लायसन्स काढताहेत. "आयुष्यभर गाड्या मी तपासल्या आणि फिरले दुसरेच," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. सासूबाई पुण्यात अजून लोकांना सांगतात की थोरले जावई आंतरराष्ट्रीय लॉजिस्टिक्समध्ये आहेत. ते खोटं नाही. हॅम्बुर्गहून रॉटरडॅमला वॉशिंग मशिनं नेतात.

असं सगळं सुरळीत चालू असताना त्यांच्या घरमालकाने नोटीस दिली. त्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, त्याला स्वतःलाच फ्लॅट हवा होता. याला इकडे आइगनबेडार्फ म्हणतात, आणि त्यापुढे कोणाचं काही चालत नाही. सतीशरावांना मात्र ही नामी संधी वाटली.

"साडूबुवा, मी आठवड्यातले पाच दिवस ट्रकमध्ये झोपतो," ते म्हणाले. "रिकाम्या भिंतींना भाडं कशाला? वोनमोबिल घेतो."

वोनमोबिल म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, ओटा, न्हाणीघर, सगळं. मी म्हटलं, इथे दारावर नाव नसेल तर पोस्टमनच्या लेखी माणूस मेलेला असतो. त्यावर त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. "इथे घर बदलताना लोक ओटा उचलून नेतात, छताचे दिवे काढून नेतात. सगळंच चालतंय, तर भिंतींनीच काय पाप केलंय?" मला ते एकदम पटलं. मी मेधापुढे आपलंही घर विकायची भाषा केली. तेवढ्यात त्यांचा पाउझं झाला, आणि उठल्यावर ते म्हणाले, "पण दारावर नाव पाहिजे हो. तुमचं बरोबर आहे." तोवर मी वोनमोबिलच्या इतका प्रेमात पडलो होतो की त्यांना विरोध करू लागलो.

त्यांच्याबरोबर घरं बघायला मीच जायचो. शुभाताई दोनदा आल्या, मग म्हणाल्या, "तुम्ही ठरवा आणि खोकी कुठे उतरवायची ते सांगा." इकडे एक फ्लॅट बघायला पंधरा-वीस माणसं एकदम येतात आणि प्रत्येक जण एजंटकडे बघून गोड हसत असतो. सतीशराव आधी इमारतीला बाहेरून एक फेरी मारत. ट्रक काढण्यापूर्वी मारायची असते तशी. कोपऱ्याकोपऱ्यावर थांबून भिंतीला बुटाने हलकेच लाथ घालत आणि कान देऊन ऐकत. पहिल्यांदा एजंटबाई धावत आल्या तेव्हा मी त्यांना सांगितलं की हा आमचा धार्मिक विधी आहे. तो फ्लॅट अर्थातच मिळाला नाही.

वोनमोबिलच्या दुकानात याच्या बरोबर उलट. इंजिनाकडे ते ढुंकूनही बघत नसत. आत शिरून पूर्व कुठे, देव्हारा कुठे, पाहुणे आले तर ताटं कुठे मांडायची, असं विचारत. एकदा तर घरून देव्हाराच आणला, माझ्या मांडीवर ठेवला आणि विक्रेत्याला म्हणाले, आता जोरात ब्रेक मारा. बाळकृष्ण माझ्या बुटात सापडला.

घराला ते गाडीसारखं तपासत आणि गाडीला घरासारखं, त्यामुळे दोन्ही नापास होत.

असे तीन महिने गेले. शेवटी एक फ्लॅट कसाबसा हाती लागला. दोन खोल्यांचा, खाली बालवाडी. मालकीणबाईंनी सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवा म्हणून सांगितलं. त्याच आठवड्यात सतीशरावांना एक जुनी वोनमोबिल पसंत पडली, तिचा मालकही सोमवारीच उत्तर मागत होता. मी गोंधळून शुभाताईंना गाठलं. म्हटलं, तुम्हीच काय ते सांगा.

त्या खोक्यांना चिकटपट्टी लावत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "घर की गाडी, हे मला नका विचारू. त्यांना घरी यायचं आहे का, तेवढं विचारा."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "पोरगी गेली आणि यांनी ट्रक धरला. आता तर घरच नको म्हणतात. मी काय समजायचं?"

मी चिकटपट्टीचं दुसरं टोक धरून उभा राहिलो.

विचारायचं काम माझ्यावर आलं होतं, पण सतीशरावांना असं काही विचारणार कसं? ते रविवारी ती जुनी वोनमोबिलच घेऊन दारात हजर. मालकाने एक दिवस चालवून बघायला दिली होती. "चला, चौघंही. सहल." मेधाने पराठे केले, मी पोहायची चड्डी घेतली. मला वाटलं तळ्याकाठी नेणार.

दीड तासाने त्यांनी गाडी आउटोबानच्या हमरस्त्यावरून खाली घेतली आणि ट्रकांच्या तळावर नेऊन लावली. दोन्ही बाजूंना भलेमोठे ट्रक, मध्ये आम्ही. मेधाने पडदा बाजूला केला, तर खिडकीभर टायर.

"भाऊजी, इथे काय आहे?" तिने विचारलं.

"संडास फार स्वच्छ आहेत," सतीशराव म्हणाले.

जर्मनीत रविवारी मोठ्या ट्रकांना रस्त्यावर बंदी असते. शनिवारी जिथे असाल तिथेच रविवारभर बसा. सतीशराव एका आड एक रविवारी असेच कुठेतरी अडकत, बहुतेक वेळा इथेच. हे आम्हाला माहीत होतं, पण ती जागा आम्ही कधी पाहिली नव्हती. दोन ट्रकांमध्ये दोरी बांधून बनियन वाळत घातले होते. कोणी दाढी करत होतं, कोणी छोट्या शेगडीवर कांदा परतत होतं. आम्ही उतरलो तोच एक पांढऱ्या मिशांचा पोलिश ड्रायव्हर, मारेक त्याचं नाव, हातातला झारा घेऊनच धावत आला. सतीशरावांना बाजूला सारून त्याने शुभाताईंचा हात दोन्ही हातांत धरला.

"फ्राउ शुभा," तो त्याच्या तुटक जर्मनमध्ये म्हणाला. "शेवटी आलात. गुडघा कसा आहे?"

शुभाताई त्याच्याकडे बघत राहिल्या. मेधा म्हणाली, "ताई, तुझा गुडघा दुखतो? मला बोलली नाहीस." मी सतीशरावांकडे पाहिलं. ते वोनमोबिलच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसून हवा तपासत होते. तीन महिन्यांत पहिल्यांदाच.

मारेक माझ्याकडे वळला. "आणि हेच ते साडू? पित्ताशय काढलं ते?"

माझा हात आपोआप पोटावर गेला. मी म्हटलं, "हो. आता पथ्यावर आहे." का म्हटलं, कोण जाणे.

मग मारेक एकेक आठवण काढू लागला आणि मला हळूहळू उलगडा होऊ लागला. वर्षभर दर अडकलेल्या रविवारी सतीशराव इथे सगळ्यांना सांगत होते की आज बायको येणार आहे. दुपारी सांगत, नाही जमलं तिला. कधी तिचा गुडघा धरला, कधी पुण्याहून पाहुणे आले, कधी साडूची शस्त्रक्रिया निघाली. माझं एक पित्ताशय आणि दोन दाढा या तळावर खर्ची पडल्या होत्या.

शुभाताईंना हे माझ्या आधी कळलं होतं. त्या मारेकला म्हणाल्या, "गुडघा आता बराच बरा आहे. थंडीत जरा धरतो."

मारेकने त्यांना खुर्ची दिली, कॉफी दिली. सतीशरावांची हवा काही तपासून होईना. शेवटी शुभाताईच उठून चाकापाशी गेल्या. मी पराठ्यांचा डबा घ्यायला गाडीत शिरलो होतो, म्हणून ऐकू आलं.

"मला कधी बोलावलंत तुम्ही?"

"तू म्हणाली असतीस, तिथे काय आहे बघायला."

"म्हणाले असते," शुभाताई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "उद्या त्या मालकीणबाईंना हो कळवा. मला दार हवंय, तुम्ही आलात की उघडायला. आणि तुमचा रविवार कुठे अडकतोय ते शुक्रवारीच सांगत जा. रेल्वे जाते सगळीकडे."

सतीशरावांनी घड्याळ बघितलं नाही, पाउझंही म्हणाले नाहीत. नुसतीच मान डोलवली, पुन्हा पुन्हा.

पराठे तळावर क्षणात संपले. निघायची वेळ झाली तेव्हा आठ-दहा ड्रायव्हर निरोपाला उभे होते. शुभाताई खुर्चीतून सावकाश उठल्या, मारेकच्या हाताचा आधार घेतला, आणि त्या सगळ्यांच्या देखत लंगडत लंगडत गाडीकडे निघाल्या. सतीशराव शेजारून चालत होते. चार पावलं गेल्यावर ते त्यांच्या कानाशी वाकले.

"डावा, शुभा. मी डावा सांगितलाय."

त्यांनी पाय बदलला.