जास्तीचा पैलू

उजेडाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. पंचवीस-तीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवतोय. काचेत प्रकाश कुठून शिरतो आणि कुठून निसटतो, हे मी झोपेतही सांगेन. त्यामुळे बायकोच्या अंगठीतल्या हिऱ्याचा दोष मी एका दुपारी दुकानातल्या भिंगाखाली चुटकीसरशी शोधून काढला.

हिरा अव्वल होता, पण घडण पार फसलेली. तळ गरजेपेक्षा खोल. वरून शिरलेला उजेड परत डोळ्याकडे यायला हवा, तो बाजूने पळून जात होता आणि मधोमध नुसता काळोख. शिवाय कडेला एक पैलू चक्क जास्तीचा, तोही वाकडा. हा हिरा लग्नात सासऱ्यांनी दिलेला. ते स्वतः चाळीस वर्षं हिऱ्यांना पैलू पाडत होते. म्हटलं, एवढ्या जाणत्या माणसालाही कुणीतरी गंडवलं म्हणायचं.

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस महिन्यावर आला होता. "अंगठी जरा साफ करून आणतो," असं बायकोला सांगून मी ती थेट एका कारागिराकडे नेली.

"पुन्हा घासला तर वजन पाचव्या हिश्शाने घटेल," तो म्हणाला. "पण तेज असं येईल की किंमत उलट वाढेल."

"घासा," मी म्हणालो. इतक्या रुबाबात मी आयुष्यात दुसरं काही बोललेलो नाही.

सासऱ्यांची नजर अलीकडे अधू झाली होती. त्यांना ते तेज नीट दिसावं म्हणून मी त्यांचा नंबर तपासून नवा चष्माही करून दिला. फुकट.

वाढदिवसाला घरचीच माणसं होती. मी अंगठी बायकोच्या बोटात घातली. दिव्याखाली हिरा असा लखलखला की मेहुण्याचा घास हातातच राहिला. बायको मात्र खड्याच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली, काहीतरी शोधत असल्यासारखी. सासऱ्यांनी तिचा हात जवळ घेतला, नवा चष्मा सावरला आणि शांतपणे म्हणाले, "हा माझा हिरा नव्हे."

"भावजी, अंगठी कुणाकडे दिली होतीत?" मेहुण्याने विचारलं. "एक तर त्याने खडा बदलला, नाहीतर..."

पुढचं त्याने गिळलं, पण सगळे माझ्याकडेच बघू लागले. आता चोर ठरायचं की मूर्ख, एवढंच माझ्या हातात होतं. मी मूर्ख निवडलं, त्याची निदान सवय होती.

"तोच आहे," मी म्हणालो. "मी घासून घेतला. घडणीत चूक होती. एक पैलू जास्तीचा होता."

"माहीत आहे. मीच पाडला तो." सासरे अंगठीकडेच बघत होते. "हिरा चाकावर होता आणि निरोप आला, मुलगी झाली म्हणून. हात हलला. मालक खूप बोलला. मी तो खडा तसाच विकत घेतला. पुढे कितीदा वाटलं, दुरुस्त करावा. पण हात धजला नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंचवीस वर्षं बायको कुठल्याही काळजीत असली की त्याच कडेवर अंगठा ठेवायची, हे मी रोज पाहिलं होतं. भिंगाशिवाय पाहिलं होतं, म्हणून बहुधा कळलं नसावं.

"बाबा," ती म्हणाली, "हा पुन्हा पहिल्यासारखा बिघडवता येईल का?"

"घासलेलं परत येत नाही गं." त्यांनी हिरा उजेडात धरून बराच वेळ पाहिला. "काम मात्र बिनचूक आहे."

मग चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा घातला आणि माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"चष्माही छान झालाय, जावईबापू. सगळं स्वच्छ दिसतंय."