वारा कापणारी फ्रेम

वारा सर्वांना सारखाच लागतो, हा गैरसमज साध्या सायकली चालवणाऱ्यांनी पसरवला आहे. कोल्हापुरात गणित शिकवणाऱ्या अमरसिंह सरांचा त्यावर विश्वास नव्हता. पोहणे, सायकल आणि धावणे अशी तिहेरी स्पर्धा त्यांनी गेल्या वर्षी पुरी केली, पण मुदतीनंतर चार मिनिटांनी. (पदक मिळाले नाही, केळे मिळाले.) ही चार मिनिटे कुणी खाल्ली याचा सरांनी सखोल तपास केला आणि गुन्हेगार सापडला: फ्रेमच्या गोल नळ्या.

नवी फ्रेम आली. तिच्या नळ्या माशासारख्या चपट्या. समोरचा वारा कापून ती साडेतीन मिनिटे वाचवणार होती. बदल्यात तिने फार काही मागितले नाही: चढाला दीड किलो जादा वजन, पाण्याच्या बाटलीची जागा आणि मान वर करून रस्ता बघण्याचा हक्क. बाजूच्या वाऱ्याबद्दल माहितीपत्रकात एकच ओळ होती, तीही बारीक अक्षरांत.

"वारा समोरनंच येणार," सर म्हणाले. (वाऱ्याला तसे कळवलेले नव्हते.)

उरलेल्या अर्ध्या मिनिटासाठी त्यांनी मिशी काढली.

त्यांच्या पत्नी संयोगिता यांनीही यंदाच्या स्पर्धेत सोबत म्हणून नाव दिले, भाच्याची जुनी सायकल घेऊन.

स्पर्धेच्या दिवशी पन्हाळ्याच्या रस्त्याला दोन्हीकडे ऊस उभा होता, तोवर फ्रेमने शब्द पाळला. "येतो गं!" म्हणत सर बायकोच्या पुढे निघून गेले. मग एका शेतातला ऊस तोडलेला निघाला. त्या मोकळ्या जागेतून वारा आला, शिडात भरावा तसा चपट्या नळ्यांवर आदळला आणि त्याने सरांना पलीकडच्या उसात नेऊन ठेवले.

जनावरांसाठी उसाच्या हिरव्या शेंड्यांचं वाडं बांधणाऱ्या बयाबाईंनी त्यांना पायाला धरून बाहेर ओढले. "पावणं, एवढा रस्ता मोकळा हाय की! उसात कुठं निघालासा?"

मागून संयोगिता आल्या. महिलांत त्या दुसऱ्या होत्या, हे त्यांना ठाऊक होते. तरी उतरल्या.

"अहो, लागलंय काय कुठं?"

सरांच्या कोपरातून रक्त गळत होते. "माझं राहू दे! फ्रेमला चीर गेलीय का बघ की आधी!"

संयोगितांनी फ्रेम नीट बघितली. चीर नव्हती. मग त्या सायकलवर बसल्या आणि गेल्या. तिसऱ्या आल्या.

सर मुदतीनंतर एकोणीस मिनिटांनी पोहोचले. बायको थांबली नसती तर दुसरी आली असती, हे गणित त्यांनी मनातल्या मनात सोडवले. उत्तर मात्र, आयुष्यात पहिल्यांदाच, मोठ्याने सांगितले नाही.

या हकिगतीतून काय बोध घ्यायचा, हे उघड आहे. तरीही ज्यांच्या मनात इतका वेळ 'फ्रेम कुठल्या कंपनीची?' एवढेच घोळते आहे, त्यांनी उगाच लाजू नये. आजवर ही हकिगत ऐकलेल्या अकरा जणांनी तेच विचारले. त्यांच्या फ्रेमा वाटेत आहेत. आपला नंबर बारावा.