जप्त झालेलं तीर्थ

श्रावणी सोमवारी कपिलधारचं तीर्थ घरी आल्याशिवाय आमच्या सासूबाई, साखराबाई, पाण्याचा थेंबही घेत नाहीत. ते आणायचं काम माझं. पालीहून सकाळी सायकलने जायचं, तांब्या भरून हँडलला टांगायचा आणि घर गाठायचं. तीर्थ घेतल्यावर माघारी वळायचं नाही, एवढा एकच नेम.

त्या सोमवारी परतीचा रस्ता खणून ठेवलेला होता आणि शेजारी ‘पर्यायी मार्ग’ असा बाण होता. बाण शासनाचा, म्हणून मी श्रद्धेने वळले. चढ संपला आणि समोर नवा द्रुतगती महामार्ग आला. माघारी वळता येत नव्हतं. देवाचं नाव घेऊन पुढे निघाले.

थोड्याच वेळात गस्तीची गाडी आडवी आली. भागवत नावाचे कर्मचारी उतरले.

“ताई, हितं सायकल चालवायला बंदी हाय.”

मी उतरले. “ढकलत नेते, भाऊ.”

“पायी चालायला बी बंदी हाय.”

“मग उभी राहते.”

“थांबायला तर लईच बंदी हाय.”

“आणि आल्या वाटेनं?”

“उलट्या दिशेनं? त्यो तर गुन्हा हाय.”

त्यांचा आणि माझा नेम एकच निघाला, याचं मला समाधान वाटलं.

“मग तुमच्या गाडीतून सोडा. सासूबाई निर्जळी बसल्यात. सत्तरी उलटलीय त्यांची.”

“गाडीत फकस्त अपघातग्रस्त घेता येतो. अपघात झाला की लगेच नेऊ तुमाला.”

“तो कधी होईल?”

“तसं सांगता येत न्हाई,” ते प्रामाणिकपणे म्हणाले. “पण हितंच उभ्या ऱ्हायलात तर लई येळ लागणार न्हाई.”

शेवटी त्यांनी अमरसिंह साहेबांना फोन लावला. साहेबांनी तोडगा दिला. सायकल जप्त केली की ती वाहन राहत नाही, सामान होते. आणि सामान गाडीत चालतं. भागवतांनी सायकल चढवली. मी तांब्याला हात घातला.

“ऱ्हाऊ द्या, ताई. जप्ती हाय त्या स्थितीत करावी लागती.”

“भाऊ, तीर्थ आहे ते.”

“म्हणून तर संभाळून नेतो. हापिसात येऊन सोडवून घ्या.”

“ऑफिस कुठे?”

“ह्याच महामार्गावर. येताना चारचाकी आणा.”

एव्हाना मोटारी थांबल्या होत्या. एका गृहस्थांनी मला जरा डावीकडे सरकायला सांगितलं. मोबाइलमध्ये तांब्या नीट येत नव्हता. “लोकांना शिस्तच नाही,” असं ते, थांबायला लईच बंदी असलेल्या जागी थांबून, मोबाइलला सांगत होते.

गाडी तीर्थ घेऊन गेली. मी कुठे जावं याबद्दल नियमात काहीच नव्हतं. तारेच्या कुंपणाला ढाबेवाल्याने पाडलेल्या भगदाडातून मी शेतात उतरले.

घरी पोचले तेव्हा दुपार कलली होती. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, ओठ सुकलेले. शेजारच्या छबुबाईंच्या मोबाइलवर ‘अडाणी बाई महामार्गावर’ माझ्या आधीच पोचली होती. सासूबाईंनी तो मोबाइल डोळ्यांजवळ धरला. तांब्या दिसताच हात जोडले, काचेला बोटं लावून ती डोळ्यांना लावली.

“आन पाणी.”

“आत्या, तीर्थ तर जप्त आहे.”

“देव काय टोलनाक्यावर बसलाय व्हय? दिसलं, पोचलं.”

त्या घटाघटा पाणी प्यायल्या.

तो व्हिडिओ तुमच्याकडेही आला असेल. सासूबाईंना त्यात तीर्थ दिसलं. तुम्हाला काय दिसलं, ते खालच्या हसऱ्या चेहऱ्यांच्या रांगेवरून कळतंच.