महेश्वरला पंक्चर हवं होतं

“हेवा हा प्रकारच आपल्या रक्तात नाही!” अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना चालवणारा महेश्वर हे वाक्य कुणाला ना कुणाला ऐकवायचाच. शेजारच्या कारखान्यावर नवा बोर्ड लागला की ऐकवायचा, समोरच्याने ऑफिसात एसी बसवला की ऐकवायचा. आणि त्याचा साडू गुरु, म्हणजे धाकट्या मेहुणीचा नवरा, पुण्याहून जुनी जर्मन गाडी घेऊन आला, तेव्हा तर महेश्वरने ते आठवडाभर येईल-जाईल त्याला ऐकवलं.

गाडी जुनी होती, पण नुकतं तेल चोपडलेल्या म्हशीसारखी चमकत होती. तरी महेश्वर गप्प राहिला असता. पण एक दिवस तो बायकोला, श्रीदेवीला, घेऊन कुंभारीला सासुरवाडीत गेला, तर सासूबाई निंगव्वा गल्लीतल्या बायका गोळा करून सांगत बसल्या होत्या,

“तुळजापूरहून येताना टायर गेला की! गाडीत पिवळा दिवा लागला. म्या म्हनलं, आता बसा बाभळीखाली! तर गुरु म्हनतो, ‘अव्वा, ह्या टायरला हवा नसली तरी चालतंय.’ आन खरंच की! थेट दारात आनून सोडलं!”

“आणि आमच्या गाडीचा टायर गेला होता, तेव्हा?” महेश्वरने नको तो प्रश्न विचारला.

“तवा म्या बाभळीखालीच बसले हुते की, जावई. जॅक मांडीवर घिऊन.”

बायका खो खो हसल्या. महेश्वर त्यांच्याहून मोठ्याने हसला. हेवा आपल्या रक्तातच नाही, असं त्याने स्वतःला पुन्हा एकदा समजावलं.

मग आठवड्याभरात निंगव्वांची कंबर धरली. “गुरुची गाडी भारी हाय, पर लई आदळती बाई.” एवढंच त्या बोलल्या आणि महेश्वरच्या डोक्यात ट्यूबलाइट लागली. ती सगळी जादू टायरमध्ये होती! टायर गेले की जादू गेली!

“गुरु, अव्वांच्या कमरेचं वाटोळं करतोस काय रे?” त्याने गुरुला गाठलं. “ते कडक टायर काढून टाक. साधे घाल. माझं ऐक.”

“तुमी म्हणाल तसं, अण्णा!” गुरु म्हणाला. हा गुरुचा मोठा दोष होता. तो भांडायचाच नाही.

टायरवाले आबासाहेब हे बोलके गृहस्थ होते. त्यांनी साधे टायर चढवले आणि गुरुला बजावलं, “आता पंक्चर झालं की थांबायचं. ह्या गाडीत स्टेपनीला जागा नाही, तेव्हा हवा भरायचा पंप आणि पंक्चरचं सामान डिकीत ठेवा.” गुरुने मान हलवली. महेश्वरला आतून उकळ्या फुटत होत्या. एवढ्यात त्याची नजर कोपऱ्यात रचलेल्या काढलेल्या टायरांवर गेली. अजून चांगली नक्षी शिल्लक होती. साइज बघितला, तर त्याच्याच गाडीचा!

“गुरु, हे मी नेऊ?”

“न्या की, अण्णा! विचारताय काय?”

आबासाहेब पुढे झाले. “साहेब, तुमच्या गाडीला हे घालायच्या आधी एक ऐका...”

“टॉवेलवाल्याला अडाणी समजता काय ओ? ऐकून झालंय सगळं! चढवा!”

आबासाहेबांनी खांदे उडवले आणि टायर चढवले. जादू आता महेश्वरकडे आली होती! त्याने स्टेपनीसुद्धा काढून कारखान्याच्या वॉचमनला बसायला देऊन टाकली. बिनहवेच्या गाडीला स्टेपनी म्हणजे पैलवानाला काठी!

पण झालं भलतंच. साधे टायर लागले आणि गुरुची गाडी लोण्यावरून चालल्यासारखी चालायला लागली. निंगव्वा गल्लीभर सांगत सुटल्या, “पाळन्यात बसल्यागत वाटतंय बघ!” इकडे महेश्वरच्या गाडीत श्रीदेवीने एका हाताने दार आणि दुसऱ्या हाताने मंगळसूत्र धरलेलं.

“ही गाडी आहे की मळणी मशीन?”

“अगं, ही मजबुती आहे! एकदा पंक्चर होऊ दे, मग कळेल तुला.”

पण पंक्चर काही होईना! महेश्वर बांधकामाच्या वाळूतून गाडी घालायचा. बाभळीच्या कुंपणाला घासून न्यायचा. रोज सकाळी टायरला लाथ मारून बघायचा, तर टायर आपला ताठ. कारखान्यातला बसप्पा एकदा सायकल हातात धरून घामाघूम होऊन आला.

“मालक, उशीर झाला. पंक्चर झाली की ओ सायकल.”

महेश्वर त्याच्याकडे बघतच राहिला. काय नशीब एकेकाचं!

असं चालू असताना मेहुण्याचा, मल्लेशचा, साखरपुडा ठरला. मुलगी अक्कलकोटची. सगळं वऱ्हाड कुंभारीहून निघणार होतं. निंगव्वा गुरुच्या गाडीकडे वळल्या, तसा महेश्वर आडवा आला.

“अव्वा, थोरला जावई कोण? नवरदेव आणि त्याची आई माझ्या गाडीत बसणार!”

निंगव्वांनी शिवाचं नाव घेतलं, कमरेमागे दोन उशा लावल्या आणि बसल्या. मल्लेश पुढे बसला, श्रीदेवी साड्यांची आणि पेढ्यांची ताटं मांडीवर घेऊन मागे. गुरु आपल्या मंडळींना घेऊन पाठीमागून निघाला.

वळसंग मागे पडलं आणि गाडीखालून आवाज यायला लागला. फट फट फट फट!

“झालं!” महेश्वर मुलगा झाल्यासारखा ओरडला. “पंक्चर झालं! बघा अव्वा, पंक्चर झालं!”

“मग थांबवा की, दाजी!” मल्लेश म्हणाला.

“थांबायचं नाही! हीच तर मजा आहे!” आणि त्याने वेग वाढवला.

फटफटचं धाडधाड झालं. पेढे ताटातून उडून निंगव्वांच्या पदरात पडले. “अय्यो शिवा! माझी कंबर!” गाडी नवसाच्या बकऱ्यासारखी थरथरली, रबराची एक लांब पट्टी सुटून मागे उडाली आणि गुरुच्या बॉनेटवर धपकन बसली. मग लोखंड डांबराला घासल्याची अशी काही किंचाळी उठली, की शेजारच्या तुरीतले पारवे उडाले. गाडी रस्त्याकडेला तिरकी होऊन थांबली.

“आता?” श्रीदेवीने विचारलं. “स्टेपनी?”

कारखान्यावर वॉचमन त्या वेळी तिच्यावर बसून चहा पीत असणार.

निंगव्वा खाली उतरल्या, इकडे तिकडे बघितलं आणि कुणी न सांगता एका बाभळीखाली जाऊन बसल्या.

गुरुने गाडी थांबवली. नवरदेव, सासू, श्रीदेवी आणि उरलेले पेढे, सगळं कोंबून कोंबून त्या पाळण्यात बसलं. फक्त महेश्वरला जागा उरली नाही. “अण्णा, तितं पोचलो की लगेच गाडी पाठवतो!” गुरु कळवळून म्हणाला. “काही नको!” महेश्वर म्हणाला. अभिमान होता ना!

वळसंगहून बोलावलेला पंक्चरवाला आला, चाकाभोवती फिरला आणि त्याने टायरच्या चिंध्यांतून एक खिळा उपसला. पार गंजलेला.

“साहेब, हे आजचं न्हाय. चार-पाच दिस तर झालेच असतील.”

“शक्यच नाही! मी रोज बघतो!”

त्याच वेळी गुरुचा फोन आला. “अण्णा, तुमच्या गाडीत दिवा लागला नव्हता का?”

“कसला दिवा?”

“हवा गेल्याचा ओ. त्या टायरच्या बाजू कडक असतात, हवा गेली तरी टायर बसत न्हाय. बघून कळतच न्हाय. म्हणून तर माझ्या गाडीत दिवा हाय की. तुमच्या गाडीत न्हाय व्हय?”

महेश्वर रस्त्याकडेच्या दगडावर बसला. ज्याची इतके दिवस वाट बघितली, ते पंक्चर येऊनही गेलं होतं. हवा नसलेल्या टायरवर तो कारखान्यात गेला होता, बँकेत गेला होता, भाजी आणायला गेला होता. सगळी जादू अगदी बिनबोभाट झाली होती आणि बघायला कुणी नव्हतं. तोसुद्धा!

कडब्याच्या टेम्पोतून तो अक्कलकोटला पोचला, तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या आणि पंगत बसली होती. सदऱ्यावरचा कडबा झटकत तो मागच्या बाजूने आत शिरणार, तोच निंगव्वांनी हाक मारली, “या, या, जावई! तुमच्यासाठी जागा धरलीय की!” आणि शेजारी बसलेल्या व्याह्यांना त्या मोठ्या कौतुकाने म्हणाल्या, “गुरुची गाडी मऊ झाली न्हवं, ती ह्यांच्यामुळंच! टायर बदला म्हणून ह्यांनीच सांगितलं. लई जीव हाय ह्यांचा धाकट्या साडूवर.”

पंगतीने माना डोलावल्या. महेश्वर जागेवर बसला आणि मान खाली घालून पानातल्या मिठाकडे बघत राहिला.

“वा!” व्याही पुढे सरकले. “आमच्या पोरानंबी तसलीच गाडी आणलीय, हवा नसली तरी चालणारी. लई आदळती. टायर बदलावेत का ठेवावेत? तुमी सांगाल तसं करतो.”

महेश्वरने पाण्याचा घोट घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच तो म्हणाला, “गुरुला विचारा.”

समोरच्या पंगतीत हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, वाढत असलेला गुरु वाटी हातात धरून जागच्या जागी वळला. “छे छे, मला काय कळतंय त्यातलं! अण्णालाच विचारा!”

हे तो अगदी मनापासून म्हणाला होता. महेश्वरने हुग्गीचा एवढा मोठा घास तोंडात कोंबला, की कुणी काही विचारलं तरी उत्तर देता येऊ नये.