सुभेदारांचा मुआयना

उल्हास कारखानीसने एकदा फाइल उघडली की काम झालंच म्हणून समजा, असं दिल्लीतल्या त्याच्या मंत्रालयात सगळे म्हणत. निदान उल्हासचं तसं म्हणणं होतं. म्हणून सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत त्याने 'पोटगी : फेरविचार' अशी नवी कोरी फाइल उघडली, तिला लाल नाडी बांधली आणि बायकोपुढे ठेवली.

प्रकरण तसं साधं होतं. पहिली बायको स्वरूपा करोल बागेत राहायची आणि शाळेत शिकवायची. नऊ वर्षांची अर्पिता तिच्याजवळ. अर्पितासाठी उल्हासने दरमहा पंधराशे रुपये द्यायचे आणि महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तिला दिवसभर आपल्याकडे आणायचं, असा कोर्टाचा हुकूम होता. पुढे उल्हासने चंद्रप्रभाशी दुसरं लग्न केलं, गाझियाबादेत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आणि बाजारात जे जे हप्त्याने मिळायला लागलं होतं ते ते सगळं घरी आणलं. रंगीत टीव्ही, फ्रिज, कपडे धुवायचं मशीन आणि वर भला थोरला मरून रंगाचा सोफा. हप्ते भरता भरता वीस तारखेच्या आतच पगार आटपू लागला, तेव्हा त्याने शांतपणे विचार केला. सगळे खर्च तपासले आणि त्यातला फक्त एकच त्याला फाजील वाटला.

"पंधराशेचे आठशे करून घेतो," तो म्हणाला. "दुसरं लग्न झालंय, जबाबदारी वाढलीये. कोर्ट ऐकतं यार अशा वेळी."

चंद्रप्रभा टेलिफोन खात्यात होती, तिनेही आयुष्यात पुष्कळ फाइली पाहिल्या होत्या. तिने ही शेवटपर्यंत वाचली आणि खाली पेन्सिलने लिहिलं, 'पाहिले. असहमत.'

"अहो, मुलीचे पैसे कापायचे आणि सोफ्याचे भरायचे?"

"सोफा ते परत घेत नाहीत. विचारलं मी."

वकिलाने वेगळीच वाट दाखवली. कोर्टात तारखांवर तारखा पडत राहतील, त्यापेक्षा स्वरूपाताईंनी लेखी मान्य केलं तर एका फेरीत काम होईल. आता स्वरूपा जगात एकाच माणसाचं ऐकायची, ते म्हणजे निवृत्त सुभेदार मेजर संपतराव. तीस वर्षं फौजेत काढून ते दिल्ली कँटोन्मेंटजवळ स्थायिक झाले होते आणि तिथल्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष होते. कोर्टाने पुढे मान्य केलेला पंधराशेचा आकडाही त्यांच्याच बैठकीत, पोहे खाता खाता ठरला होता. उल्हास फाइल काखेत मारून त्यांच्याकडे गेला.

सुभेदारांनी नाडीसुद्धा सोडली नाही. "कागद राहू द्या उल्हासराव. घरी हलाखी आहे म्हणता ना? रविवारी दहाला येतो आणि स्वतः घर पाहून मुआयना करतो. पटलं तर स्वरूपाला मी सांगेन."

उल्हास हवेत तरंगतच घरी आला. हलाखी कागदावर मांडणं कठीण होतं, पण घरात मांडणं सोपं होतं. समोरच्या फ्लॅटमध्ये राजवीर नावाचा प्रॉपर्टी डीलर नुकताच मेरठहून आला होता. तो दिवसभर लोकांना घरं विकायचा आणि स्वतःच्या घरात दोन घडीच्या खुर्च्यांवर दिवस काढायचा. शनिवारी दुपारी उल्हासने त्याला गाठलं.

"एक दिन के लिए थोड़ा सामान रखना है, राजवीरजी."

"बिल्कुल रखो भाई साहब. कल मैच भी है," राजवीर टीव्हीकडे पाहत म्हणाला.

दोघांनी मिळून संध्याकाळपर्यंत सगळं हलवलं. मागे उरली एक चटई, एक स्टोव्ह, दोन कप आणि हाताची घडी घालून उभी असलेली चंद्रप्रभा. उल्हासने कोपरावर भोक पडलेला स्वेटर शोधून काढला. रविवारी सकाळी तो घालून तो आरशात पाहायला गेला, पण आरसाही राजवीरकडे होता.

दहाच्या ठोक्याला बेल वाजली. दारात सुभेदार उभे होते आणि त्यांचं बोट धरून अर्पिता.

तो महिन्याचा दुसरा रविवार होता! घर रिकामं करायच्या उत्साहात उल्हास हेच विसरला होता. सुभेदार म्हणाले, "येतच होतो, म्हणून हिला घेऊन आलो."

अर्पिता रिकाम्या खोलीच्या मधोमध उभी राहिली. "बाबा, टीव्ही कुठेय?"

"बिघडला."

"आणि सोफा?"

"तोपण."

"सोफा कसा बिघडेल?"

या प्रश्नाची तयारी फाइलमध्ये नव्हती. "विकला गं," उल्हास पुटपुटला. "सगळंच विकलं. जरा अडचण आहे."

अर्पिता चटईवर जाऊन बसली आणि फरशी गार असल्यामुळे तिने पाय पोटाशी घेतले. ते बघून उल्हासने समोरून रजई आणायला दाराकडे पाऊल टाकलं, पण आठशेचा आकडा आठवल्यावर ते मागे घेतलं.

सुभेदारांनी मात्र जवानांच्या बराकीत फिरावं तसं घर पाहिलं. स्वयंपाकघरात वाकून फरशी पाहिली, भिंतीवरून बोट फिरवलं, आतल्या खोलीत तर ते बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "खाली पीसीओ आहे ना? एक फोन करून येतो."

"स्वरूपाला करतायत," उल्हास चंद्रप्रभाच्या कानात म्हणाला. "आठशे पक्के!"

फोन खरोखरच स्वरूपाला होता. शिवाय मंडळाच्या पद्मजाबाईंना होता, खजिनदारांना होता आणि कँटोन्मेंटमधल्या एका टेंपोवाल्याला होता. सुभेदारांनी परत येऊन चटईवर बैठक मारली आणि ते अर्पिताला युद्धाच्या गोष्टी सांगायला लागले. दीड वाजता तो टेंपो येऊन बिल्डिंगखाली उभा राहिला.

मंडळाच्या सहा बायका ओळीने जिना चढल्या. त्यांच्याकडे रजया होत्या, तांदूळ होते, बटाटे होते, कोणाच्या यजमानांचे जुने कोट होते. पद्मजाबाईंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवात वर्षानुवर्षं साठलेलं वाण या निमित्ताने बाहेर काढलं होतं, त्यामुळे एकट्या साबणाच्या प्लॅस्टिकच्या डब्या एकेचाळीस निघाल्या.

"असं कसं हो झालं?" पद्मजाबाई डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या. "मेल्या हप्तेवाल्यांनी सगळं उचलून नेलं वाटतं." चंद्रप्रभा मान खाली घालून डब्या रचत बसली, त्यामुळे तर ती फारच दुःखी दिसली.

सगळ्यात शेवटी स्वरूपा आली. तिच्या मागे दोघेजण लोखंडी खाट घेऊन येत होते. घटस्फोटानंतर ती उल्हासला अरे-तुरे करायची, पण आज आवाज मऊ होता. "अरे, इतकं झालं आणि बोलला नाहीस? ही घे. अर्पिताची आहे. ती झोपेल माझ्याजवळ."

उल्हासला वाटलं, फरशी दुभंगून आपण खालच्या मजल्यावर पडलो तर बरं. तो बाल्कनीत पळाला. मागोमाग अर्पिता आली.

"बाबा, एक सांगू? माझा कथकचा क्लास आहे ना, तो मी बंद करते. त्याची फी तीनशे आहे. चालतील तेवढे?"

"पण तुला तर आवडतं ना गं ते?"

"आवडतं. पण तुम्हाला सोफा नाहीये ना." तिने त्याच्या स्वेटरच्या भोकात बोट घातलं. "आणि हे मी शिवून देईन, मला येतं."

उल्हासला स्वतःची मनापासून लाज वाटली, आणि ती कुठल्याही फाइलमध्ये लपवता येण्यासारखी नव्हती. तो अर्पिताचा हात धरून तडक आत आला. आपल्या आयुष्यातलं पहिलं धैर्याचं वाक्य बोलायला त्याने तोंड उघडलं. "सुभेदारसाहेब, मला सगळ्यांसमोर एक गोष्ट..."

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. मॅचचा गलका बाहेर आला आणि पाठोपाठ राजवीर.

"भाई साहब, आपके फ्रिज में बर्फ बहुत जम गई है. बंद कर दूँ? और टीवी का रिमोट किधर रखा है?"

बायकांनी राजवीरच्या दारातून आत पाहिलं. तिथे टीव्ही होता, फ्रिज होता, आणि मरून सोफ्यावर राजवीरचे चार दोस्त शेंगा सोलत बसले होते.

"मी आता तेच सांगणार होतो," उल्हास म्हणाला.

"हो का," स्वरूपा म्हणाली. तिचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला होता.

"आईशप्पथ सांगणार होतो!"

"बाबा, म्हणजे विकला नव्हता?" अर्पिताने विचारलं. "नव्हता," उल्हास म्हणाला. तिने त्याचा हात सोडला, आणि तेवढं त्याला बाकी सगळ्यापेक्षा जास्त लागलं.

सुभेदार सावकाश उठले. "मला आल्या आल्याच कळलं होतं, उल्हासराव. म्हणून तर फोन केले. फरशीवर फ्रिजच्या पायांचे चार ठसे, सोफ्याचे चार, टीव्हीमागची भिंत तेवढी कोरी. काय कुठे होतं ते सगळं दिसत होतं. फक्त एक जागा मला सापडेना." त्यांनी अर्पिताच्या डोक्यावर हात ठेवला. "ही कुठे झोपायची?"

ती कुठेच झोपायची नाही. सहाच्या आत उल्हास तिला परत पोचवायचा, कारण घरात जागा नव्हती. एव्हाना सगळ्यांना ते कळलं होतं.

"फाइल कुठाय?" चंद्रप्रभाने विचारलं. तिने शेवटच्या पानावर लिहिलं, 'पंधराशे कायम. कथकचे तीनशे वेगळे. प्रकरण बंद.' उल्हासने मुकाट्याने सही केली. मग तो अर्पिताजवळ उकिडवा बसला. "चुकलो गं मी. खोटं बोललो तुझ्याशी."

अर्पिताने खोलीभर नजर फिरवली. "खाट खिडकीजवळ लावा," ती म्हणाली.

खाट खिडकीजवळ लागली. आता अर्पिता शनिवारीच येते आणि रात्री राहते. रजया आणि तांदूळ त्याच टेंपोने परत गेले, साबणाच्या डब्या मात्र पद्मजाबाईंनी काही केल्या परत घेतल्या नाहीत. करोल बागेत नवी खाट उल्हासलाच घेऊन द्यावी लागली, तीही हप्त्याने.

राहिला सोफा. बाकी सामान घरी आलं, पण खाट लागल्यावर सोफा काही आत मावेना. आडवा घातला, उभा घातला, शेवटी तो जिथे होता तिथेच राहिला. त्याचे अजून सात हप्ते बाकी आहेत आणि उल्हास ते दर महिन्याच्या पाच तारखेला नेमाने भरतो. कधीमधी संध्याकाळी तो बसायलाही जातो. तेव्हा राजवीर मोठ्या मनाने बाजूला सरकतो आणि म्हणतो, "आओ भाई साहब, बैठो. बिल्कुल अपना ही समझो."